घंटा वाजवणारा शिपाई

टेबलावर दोन बोर्ड शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही हिरवे, आगपेटीएवढे लांब आणि तिच्याहून अरुंद. एक रास्पबेरी पाय पिको, जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला बाजारात आलेला. दुसरा पिको डब्ल्यू, जून २०२२चा, वायफाय असलेला, म्हणून ६ डॉलरचा. दोघांच्या पोटात एकच चिप, आरपी२०४०. दोघांवरही एक बारीक हिरवा दिवा. हा दिवा अर्धा सेकंद लावायचा, अर्धा सेकंद विझवायचा, एवढंच काम करणारा आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम मी पहिल्या बोर्डावर चढवतो. दिवा लुकलुकायला लागतो. तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या बोर्डावर चढवतो. ढिम्म.

वायर हलवून बघा, केबल बदलून बघा, बोर्ड दुकानदाराला परत करायची तयारी करा, काही फरक पडत नाही. बोर्ड धडधाकट आहे. प्रोग्रॅमही चालू आहे, अगदी इमानेइतबारे. तो अर्ध्या अर्ध्या सेकंदाने २५ क्रमांकाची पिन वरखाली करतोय. पहिल्या बोर्डावर त्या पिनला दिवा जोडलेला आहे. दुसऱ्यावर ती पिन वायफायच्या चिपला हाक मारण्यासाठी खर्ची पडली आहे, आणि दिवा गेलाय त्या वायफायच्या चिपच्या ताब्यात. म्हणजे आपला प्रोग्रॅम सेकंदागणिक शेजाऱ्याचं दार ठोठावतोय आणि त्याने दार उघडलं की काहीच न बोलता उभा राहतोय.

चिप तीच, पत्ता वेगळा. कुठला दिवा कुठल्या पिनवर, कुठलं घड्याळ किती वेगाचं, मेमरी कुठल्या पत्त्यापासून सुरू होते, ही सगळी माहिती चिपला जन्मतः नसते. ऑपरेटिंग सिस्टिमला तर मुळीच नसते. ती कोणीतरी बसून त्या एका बोर्डासाठी लिहावी लागते. या लिखाणाला धंद्यात बोर्ड सपोर्ट पॅकेज म्हणतात, तोंडी भाषेत बीएसपी. (बीएसपी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हत्ती आला असेल तर दोष तुमचा नाही. पुण्या-बंगळुरातले कित्येक इंजिनिअर लग्न ठरवायच्या बैठकीत 'मी बीएसपीमध्ये आहे' असं सांगून बसलेले आहेत.)

हे नाव तसं जुनं आहे. १९८१च्या सुमाराला अमेरिकेत हंटर अँड रेडी नावाच्या छोट्या कंपनीने व्हीआरटीएक्स ही रियल-टाइम प्रणाली विकायला काढली. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी वेगळाच बोर्ड घेऊन यायचं. प्रणालीचा गाभा सगळ्यांना एकच देता येई, पण प्रत्येक बोर्डासाठी थोडं वेगळं लिहावं लागे. त्या वेगळ्या भागाला त्यांनी हे नाव दिलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जेरी फिडलर आणि डेव्हिड विल्नर यांनी विंड रिव्हर सुरू केली. ही मंडळी आधी व्हीआरटीएक्सच्या भोवती बाकीचा संसार उभा करून द्यायची आणि १९८७ मध्ये त्यातूनच त्यांचं व्हीएक्सवर्क्स आलं. व्हीआरटीएक्स ज्याच्यामुळे एकदाचं 'वर्क' होतं ते व्हीएक्सवर्क्स, अशी नावाची फोड सांगतात. कोटी बरी आहे, आणि अर्थ पाहिला तर जिव्हारी लागणारीही. गाभा विकत मिळतो, तो चालवून दाखवणं हे निराळं काम.

आता 'रियल-टाइम' या शब्दाचा घोळ आधी निस्तरतो, कारण त्याचा अर्थ 'झटपट' असा करून घेण्याची आपल्याला सवय लागली आहे. फोनवरून पैसे पाठवले आणि क्षणात पोचले की आपण त्याला रियल-टाइम म्हणतो. या प्रकरणातलं रियल-टाइम म्हणजे वेग नव्हे, वक्तशीरपणा. मुंबईत सकाळी ८:१२ची लोकल पकडणाऱ्याला ती ताशी किती किलोमीटर पळते याच्याशी कर्तव्य नसतं. ती ८:१२ला फलाटाला लागते का, एवढंच त्याला हवं असतं. मोटारीतल्या एअरबॅगने धडक सुरू झाल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत फुगायचं की नाही ते ठरवायचं असतं. सरासरीने वेळेत असणारी एअरबॅग काही कामाची नाही. दहा हजारांतली ती एक धडक तुमची असेल, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दुसऱ्या कशात तरी गुंतलेला असेल, तर सरासरी घेऊन काय करायचंय? रियल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम अर्थात आरटीओएस हे वचन देते, की सर्वांत महत्त्वाचं काम तयार झालं की बाकी सगळं बाजूला सारून ते ठरल्या मुदतीत सुरू होईल.

वचन मोठं आहे. पण ते देणाऱ्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे (सैन्यातला नव्हे), स्वतःचं घड्याळच नसतं.

हे मला स्वतःला कळायला बराच वेळ लागला. शाळा आठवा. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीने लागतं. गणित कधी, पीटी कधी, मधली सुट्टी कधी, सगळं तक्त्यावर. पण गणिताचा तास प्रत्यक्षात कधी संपतो? शिपाई घंटेवर टोला देतो तेव्हा. शिपायाचं घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर सगळी शाळा पाच मिनिटं मागे चालते, आणि वेळापत्रकाच्या तक्त्यात एकही चूक सापडत नाही. कर्नल म्हणजे तो तक्ता. कोणतं काम वरचं, कोणतं खालचं, कोण किती टोले झोपलंय, याची त्याच्याकडे चोख नोंद असते. टोला मात्र बाहेरून यावा लागतो. या टोल्याला टिक म्हणतात, आणि बहुतेक प्रणाल्यांत तो दर मिलिसेकंदाला एक असा ठेवलेला असतो.

टोला तयार कसा होतो ते एका खऱ्याखुऱ्या चिपवर बघू. आर्म कॉर्टेक्स-एम घराण्यातल्या चिपमध्ये सिसटिक नावाचा एक २४ बिटांचा उलटा मोजणारा काउंटर असतो. त्याच्यात एक आकडा भरायचा. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला तो एकाने उतरतो, शून्यावर पोचला की प्रोसेसरला हाक देतो आणि पुन्हा मूळ आकड्यापासून सुरू करतो. प्रोसेसर १६८ मेगाहर्ट्‌झने चालत असेल तर मिलिसेकंदात १,६८,००० ठोके होतात. शून्यही मोजला जातो म्हणून १,६७,९९९ भरायचे. फ्रीआरटॉस, ही रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणलेली आणि आज गल्लोगल्ली दिसणारी आरटीओएस, नेमका हाच भागाकार करते. प्रोसेसरचा वेग भागिले सेकंदाला हवे असलेले टोले, वजा एक. भागाकार कधी चुकत नाही. पण प्रोसेसरचा वेग हा आकडा तिने कुठून घेतला? कोणीतरी तिच्या हातात ठेवला. तिने तो तपासला नाही, आणि तपासणार तरी कशाशी ताडून?

एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा एफ४ डिस्कव्हरी नावाचा बोर्ड २०११ पासून कॉलेजांत आणि हौशी लोकांत फार चालला. त्याच्यावरचा क्रिस्टल, म्हणजे मूळ ठोका देणारा स्फटिकाचा तुकडा, ८ मेगाहर्ट्‌झचा. चिप आतल्या आत त्या ठोक्याला आठाने भागून, ३३६ने गुणून आणि दोनाने भागून १६८ मेगाहर्ट्‌झ बनवते. पण त्याच चिपसाठी त्याच कंपनीचा एक मोठा, महागडा मूल्यमापन बोर्ड होता. त्याचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्‌झचा. आणि सोबत मिळणाऱ्या लायब्ररीच्या फायलीत मूळचा आकडा लिहिलेला होता तो या मोठ्या बोर्डाचा.

पुढचा प्रसंग या बोर्डावर शिकलेल्या पुष्कळांच्या वाट्याला आला आहे. भागाकार-गुणाकाराचे आकडे नीट भरले, चिप बरोबर १६८ने पळतेय. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटांवर, लावला. पडद्यावर 'हॅलो' यायला हवं, तिथे येतात चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एखादा कुठल्याशा युरोपीय लिपीतला टोपीवाला स्वर. वायर सैल असेल म्हणून तासभर वायरी दाबून होतात. मग कोणीतरी शहाणं माणूस ऑसिलोस्कोप लावतं आणि एका बिटाची रुंदी मोजतं. येणारा वेग १,१५,२०० नाही, ३६,८६४ आहे. एकाला दुसऱ्याने भागलं तर ३.१२५. म्हणजे २५ भागिले ८. चोर सापडला. लायब्ररी समजून चालली होती की क्रिस्टल २५चा आहे, म्हणजे चिप ५२५ मेगाहर्ट्‌झने पळत असणार (या चिपची कमाल मर्यादाच १६८ आहे, पण लायब्ररीला भीड कसली), आणि त्या हिशोबाने तिने पोर्टाचा वेग तीन पटींहून थोडा जास्तच खाली ओढला. हाच आकडा टिकच्या भागाकारात शिरला तर कर्नलचा मिलिसेकंद तीन मिलिसेकंदांहून लांब होतो. घंटा तीन पटींहून उशिरा, आणि तक्ता निर्दोष.

एका फायलीतली एक ओळ. मी जेव्हा जेव्हा कोणाला 'बीएसपीत असतं काय?' हे सांगायला बसतो तेव्हा ही ओळ सांगतो, कारण बाकीचं सगळं याच जातीचं आहे. त्या ठिकाणची, त्या बोर्डाची, दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेली माहिती.

वीज लागते त्या क्षणापासून हे काम सुरू होतं, आणि त्या पहिल्या काही मिलिसेकंदांइतकं मजेदार या विषयात दुसरं काही नाही. कॉर्टेक्स-एम जागा होतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात. मेमरीच्या तक्त्यातले पहिले चार बाइट म्हणजे स्टॅक कुठे मांडायचा त्याचा पत्ता, पुढचे चार म्हणजे पहिला हुकूम कुठे आहे त्याचा पत्ता. बस्स. आपण प्रोग्रॅममध्ये 'संख्या बरोबर ५' असं लिहिलेलं असतं ते पाच त्या वेळी रॅममध्ये नसतातच, ते फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, झोपलेले असतात. सुरुवातीचा छोटा कोड ते उचलून रॅममध्ये आणून ठेवतो, आणि ज्यांना आपण काहीच किंमत दिलेली नाही त्यांच्या जागा शून्याने पुसून काढतो. सी भाषा शिकवताना 'ग्लोबल व्हेरिएबल आपोआप शून्य असतं' असं सांगतात. आपोआप काही नसतं. कोणीतरी झाडू मारलेला असतो.

पिकोच्या चिपला तर पोटात फ्लॅशच नाही, ती शेजारी वेगळ्या चिपमध्ये असते, आणि ती कुठल्या कंपनीची असेल याचा नेम नाही. प्रत्येकीला भरभर वाचायचे हुकूम थोडे निराळे. यावर तोड म्हणून आरपी२०४०च्या आत कायमचा कोरलेला १६ केबीचा प्रोग्रॅम आधी सगळ्यांना समजेल अशा संथ पद्धतीने फ्लॅशमधले पहिले २५६ बाइट वाचतो. त्यांतले २५२ कोड, शेवटचे ४ पडताळणीचा आकडा. पडताळणी जुळली तरच त्या २५२ बाइटांच्या हाती कारभार सोपवला जातो, आणि त्यांनी करायचं एवढंच, की 'ही फ्लॅश अशी वाचायची' हे चिपला शिकवायचं. २५२ बाइट म्हणजे किती? तुम्ही आत्ता वाचताय तो परिच्छेद संगणकात साठवायला याच्या कित्येक पट जागा लागते.

मोठ्या बोर्डांवर, जिथे रॅम बाहेरच्या चिपांमध्ये असते, तिथे गंमत आणखी वाढते. ती रॅम वापरण्याआधी तिची वेळेची गणितं जुळवावी लागतात. ती जुळवणारा कोड चालायला रॅम लागते. विहीर खणणाऱ्याने तोवर पाणी कुठलं प्यायचं? म्हणून चिपच्या आत थोडीशी, काही केबींची मेमरी ठेवलेली असते. शिदोरीसारखी.

फ्रीस्केलच्या, आता एनएक्सपीच्या, किनेटिस के मालिकेतल्या चिपांचा वॉचडॉग (वेळेवर 'जागा आहे' असं सांगितलं नाही तर चिपला रीसेट मारणारा पहारेकरी) वीज लागताच पहाऱ्यावर हजर होतो. त्याला आवरायचं तर कुलूप उघडणारे दोन ठराविक आकडे लागोपाठ लिहावे लागतात, आणि दोहोंत बसच्या २० ठोक्यांहून जास्त अंतर पडून चालत नाही. नव्या मुलाला इथे हमखास चकवा लागतो. कोड का चालत नाही म्हणून तो डिबगर लावून एकेक ओळ सावकाश पुढे सरकवतो. पहिला आकडा लिहिला, दुसऱ्यापर्यंत पोचेतो माणसाच्या हिशोबाने एक सेकंद गेला, चिपच्या हिशोबाने युग. रीसेट. न बघता चालवला तर चालतो, बघायला गेलं की पडतो. भुताटकी वाटते, असते फक्त घाई.

व्हीएक्सवर्क्सच्या बीएसपीत हार्डवेअर सुरू करण्याचं काम दोन टप्प्यांत वाटलेलं असतं. पहिल्या टप्प्यातल्या फंक्शनचं मुख्य कर्तव्य ऐकून मी चकित झालो होतो. सगळ्या उपकरणांना गप्प बसवणं. सुरू करणं नव्हे, गप्प बसवणं. कारण बोर्ड नेहमी वीज जाऊनच बंद होतो असं नाही, कधी नुसताच रीस्टार्ट होतो. तेव्हा प्रोसेसरची स्मृती गेलेली असते, पण नेटवर्कच्या चिपला कोणी काही सांगितलेलं नसतं. आलेलं पाकीट मेमरीतल्या जुन्या पत्त्यावर नेऊन टाकण्याचा हुकूम तिच्याकडे शिल्लक असतो, आणि ती तो बजावते, नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रणालीच्या अंगावर. म्हणून आधी सगळ्यांना शांत करायचं, कर्नल उभा राहू द्यायचा, आणि मगच दुसऱ्या टप्प्यात एकेकाला बोलायची परवानगी द्यायची. वर्गात पाऊल टाकणाऱ्या कुठल्याही मास्तरांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गाभा आणि त्याच्या आजूबाजूचं सामान यांत नातं किती नाजूक असतं त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पृथ्वीवर घडलेली नाही. नासाचं मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं. उतरलेल्या यानाचा मेंदू होता आयबीएमच्या प्रोसेसरचा किरणोत्सर्गाला तोंड देणारा अवतार, आरएडी६०००, आणि त्याच्यावर व्हीएक्सवर्क्स. छायाचित्रं येऊ लागली, जगभर पहिल्या पानावर छापली गेली. आणि काही दिवसांत यान मधूनमधून स्वतःला रीसेट करू लागलं. रीसेट झालं की त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर.

घडत होतं ते समजायला मंगळावर जायची गरज नाही, कुठलंही जुनं सरकारी ऑफिस पुरेल. कपाटाची किल्ली एक. शिपायाने एक कागद ठेवायला कपाट उघडलंय. साहेबांना त्याच कपाटातली फाइल हवी, ते थांबलेत. ठीक आहे, अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्यात हेडक्लार्क येतो. त्याला कपाटाशी काही देणंघेणं नाही, पण तो शिपायाच्या वरचा आहे. शिपायाला हातातलं काम टाकायला लावून तो आपलं लांबलचक काम पुढे रेटतो. शिपाई अडकला, किल्ली त्याच्या खिशात, आणि साहेब हेडक्लार्कसाठी खोळंबलेत. ऑफिसातला सर्वांत वरचा माणूस मधल्याच्या मर्जीवर. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

पाथफाइंडरवर शिपाई होता हवामानाच्या नोंदी घेणारा टास्क, खालच्या प्राधान्याचा. साहेब होता माहितीच्या बसवर डेटा वाटणारा टास्क. मधे संपर्काची वगैरे मध्यम प्राधान्याची कामं. बसचं चक्र सेकंदाला आठ वेळा, म्हणजे १२५ मिलिसेकंदांना एकदा फिरायचं, आणि मागच्या फेरीतलं वाटप पुरं झालं की नाही ते तपासणारा एक टास्क होता. वाटप अपुरं दिसलं की काहीतरी गंभीर बिघडलंय असं धरून तो यानाला रीसेट मारायचा. त्याने आपलं काम चोख केलं.

यावरचा उपाय ठाऊक होता, १९९० मध्ये शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी तो शोधनिबंधात नीट मांडलेलाही होता. किल्ली शिपायाच्या हातात आहे तोवर त्याला साहेबांचा दर्जा द्यायचा, म्हणजे हेडक्लार्कला त्याला हलवता येणार नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. एक पर्याय चालू करायचा, झालं. मग चालू का नव्हता? कारण ते कुलूप यानाच्या प्रोग्रॅमरांनी स्वतः बनवलंच नव्हतं. ते एका लायब्ररी फंक्शनच्या आत तयार होत होतं आणि तिथला मूळचा पर्याय होता 'बंद'. क्रिस्टलच्या त्या ओळीचा हा थोरला भाऊ. आपण न लिहिलेला, आपण न पाहिलेला, कोणीतरी दुसऱ्याच प्रसंगासाठी ठरवून ठेवलेला आकडा.

ग्लेन रीव्ह्‌ज यांच्या सॉफ्टवेअर गटाने प्रयोगशाळेत यानाची जुळी प्रत चालवून, आतल्या हालचालींची नोंद ठेवत १८ तासांच्या आत हा बिघाड पुन्हा घडवून आणला. मग पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवून तो पर्याय चालू करण्यात आला आणि रीसेट थांबले. या गोष्टीत मला हुरहुर लावणारा भाग वेगळाच आहे. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रीसेट दिसलेले होते. पुन्हा घडवता आले नाहीत आणि समजावूनही सांगता आले नाहीत, म्हणून ते मागे पडले. आमच्या धंद्यात 'कधीतरी होतं, रीस्टार्ट केलं की जातं' हे वाक्य जितकं ऐकू येतं तितकं ते कोणत्याही यंत्राच्या बाबतीत ऐकू येऊ नये.

इतकी बारीक माहिती लिहून ठेवायची कुठे, हा प्रश्न पुढे मोठा झाला. जुन्या पद्धतीत ती कोडातच विखुरलेली असे. पाच बोर्डांसाठी पाच फायली, प्रत्येकीत नव्वद टक्के मजकूर सारखा. आरटेम्स ही १९८८ पासूनची प्रणाली (नावातला 'एम' आधी क्षेपणास्त्रासाठी, मग लष्करासाठी, आता मल्टिप्रोसेसरसाठी, अशी तिची हळूहळू निवृत्ती झाली आहे) आपल्या मूळ भांडारातच ढीगभर बोर्डांच्या बीएसपी जपून ठेवते. लिनक्सच्या जगात तर मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स आर्म बोर्डांच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले. तिथून डिव्हाइस ट्रीला जोर आला.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. अमुक पत्त्यापासून इतकं क्षेत्र सिरियल पोर्टाच्या नावावर, त्याची इंटरप्टची वाट अमुक, त्याला घड्याळाचं पाणी अमुक पाटातून. दिवा कुठल्या पिनवर, तेही त्यातच. कोड वेगळा, उतारा वेगळा. बोर्ड बदलला की उतारा बदलायचा. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आलेली झेफर ही आरटीओएस हाच मार्ग धरते, फक्त लिनक्स जसा सुरू होताना उतारा वाचतो तसा ती वाचत नाही. छोट्या बोर्डावर तेवढी ऐसपैस जागा कुठली? प्रोग्रॅम बांधतानाच उतारा पचवून त्याचे आकडे कोडात मुरवले जातात. पद्धत उत्तम आहे. तरी सातबाऱ्याशी ज्याचा संबंध आला त्याला ठाऊक असतं, उताऱ्यावर विहीर असते आणि शिवारात खड्डा. बोर्डाची नवी आवृत्ती निघते, हार्डवेअरवाला एक पिन हलवतो, नकाशा बदलतो, उतारा बदलायचा राहतो. शेवटी प्रोब घेऊन बांधावर जावंच लागतं.

आपल्याकडे हा विषय आता थोडा जवळ आला आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे वेगा प्रोसेसर आहेत, आयआयटी मद्रासचा शक्ती आहे. देशी चिप म्हटलं की बातमी होते, मंत्री हातात धरून फोटो काढतात. पण चिप हातात आल्यावर विद्यार्थी पहिलं काय विचारतो? 'याच्यावर फ्रीआरटॉस चालतं का? दिवा कसा लावायचा?' शक्तीवर फ्रीआरटॉस आणणं, वेगाच्या एरीस बोर्डांना अर्डुइनोतून प्रोग्रॅम चढवता येईल अशी सोय करणं, या कामांचे फोटो निघत नाहीत. चिप वापरली जाते की कपाटात राहते, ते मात्र त्यांच्यावर ठरतं.

तर आपला पिको डब्ल्यू अजून अंधारातच आहे. त्याचा दिवा लावायची रीत अशी. आधी वायफायच्या चिपला जागं करायचं. तिचं स्वतःचं फर्मवेअर, दोनशे केबीहून जास्त, आपल्या फ्लॅशमधून तिच्या पोटात भरायचं. ती सावध झाली की तिला निरोप पाठवायचा, तुझी शून्य क्रमांकाची पिन वर कर. एक दिवा लावायला एवढं लटांबर. हे सगळं बोर्डाच्या सपोर्ट लायब्ररीत लिहून ठेवलेलं आहे, आपण दोनच फंक्शनं बोलवायची, आणि थोडा वेळ गेल्यावर दिवा लुकलुकायला लागतो. डोळ्याला दोन्ही बोर्ड आता सारखे दिसतात.

ऑसिलोस्कोपला दिसत नाहीत. बीएसपी लिहिणाऱ्याची जुनी खोड म्हणजे काम सुरू होताना दिव्याची पिन वर करायची, संपल्यावर खाली, आणि पडद्यावर त्या उड्डाणाची रुंदी मोजायची. कामाला किती मायक्रोसेकंद लागले त्याचा याहून भरवशाचा साक्षीदार नाही. पहिल्या पिकोवर ही युक्ती चालते. पिको डब्ल्यूवर निरोप वायफायच्या चिपपर्यंत पोचून तिने हात वर करेपर्यंत किती वेळ जाईल ते तिच्यावर अवलंबून, त्यामुळे दिव्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. तिथे माणूस दिवा खुशाल लुकलुकू देतो आणि प्रोबची टोकदार चिमटी एखाद्या मोकळ्या, थेट प्रोसेसरच्या पिनला लावतो.